आता यावर काय लिहू?

पुस्तक परत करायला आलेली बहुतेक माणसं ते टेबलावर ठेवतात, कार्डावर तारीख पडली का ते बघतात आणि कपाटांकडे वळतात. काही मुली मात्र वळत नाहीत. शिक्का मारून झाला, मागं रांग तुंबली, तरी त्या तिथंच. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा चाललेला. "काय गं, काही राहिलं का?" असं विचारावं तर "नाही काकू, काही नाही." आणि तरी उभ्याच. वयानं आठवी ते बारावीच्या मधल्या. त्यांना पुस्तकाबद्दल काहीतरी म्हणायचं असतं आणि ते म्हणायला गावात दुसरी जागा नसते.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय शंभरी ओलांडलेलं, 'ब' वर्गाचं. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला पेन्शनर येतात, दुपारी सामसूम असते, संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटलं की गर्दी होते. पगार अनुदानाच्या हप्त्यावर, आणि हप्ता कधी येईल ते मुंबईलाच ठाऊक. पण या टेबलामागं बसून मला एक गोष्ट बघायला मिळाली, जी शिक्षकांना आणि आईबापांना सहसा दिसत नाही: कुणी बघत नसताना हुशार मुलगी काय वाचते, आणि वाचून तिला कशाचा राग येतो.

राग हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. पुस्तकात बुडालेली मुलगी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं चष्मा लावलेली, खिडकीशी बसलेली, कवितेनं हळवी होणारी कुणीतरी येते. तशाही असतात. पण ज्यांच्याबद्दल मी लिहिते आहे त्या फारशा हळव्या नव्हत्या. पुस्तकानं आपल्याला फसवलं तर त्यांना ताबडतोब कळायचं आणि त्या फणकारायच्या. एकीनं नावाजलेली कादंबरी दुसऱ्याच दिवशी परत आणून आपटली. म्हणाली, "यातली बाई बी.ए. झालेली आहे असं पहिल्या पानावर लिहिलंय, त्यानंतर पुस्तकभर ती एकदाही डोकं चालवत नाही."

कथा-कादंबऱ्यांत अशी मुलगी शोधायला गेलं तर मराठीत जरा पंचाईत होते. वाढत्या वयाचा मुलगा आपल्याकडे भरपूर लिहिला गेला. साने गुरुजींचा श्याम, ताम्हनकरांचा गोट्या, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधला मुकुंदा. लंपनच्या शेजारी सुमी आहे, मुकुंदाच्या शाळेत शिरोडकर आहे. दोघी आपल्याला आवडतात, पण दिसतात त्या मुलाच्या डोळ्यांतून. शिरोडकरच्या मनात काय चाललंय याचा मुकुंदा पुस्तकभर अंदाज बांधत राहतो आणि त्याच्याबरोबर आपणही. 'शाळा' २००४ साली आली, त्यानंतर आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली, इतकी ती मुलींनी वाचली. तीच गोष्ट शिरोडकरनं सांगितली असती तर कशी झाली असती, असा प्रश्न एका नववीतल्या मुलीनं मला विचारला आणि उत्तरही तिनंच दिलं: "तिला सगळं आधीच कळलेलं असणार. पुस्तक चाळीस पानांत संपलं असतं."

खरं तर सुरुवात आपण चांगली केली होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. यमूची कहाणी यमूच सांगते. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एका पुरुषानं एका मुलीच्या तोंडून एवढी मोठी कादंबरी सांगावी, आणि तिला दिसतं-कळतं ते सगळं बारकाईनं टिपू द्यावं, याचं मला अजून नवल वाटतं. शेवट अर्थात ठरलेला. वैधव्य, केशवपन, मरण. पुढं १९३३ साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले, तर ही लेखिका कोण यावरच एवढा गदारोळ झाला की त्या मुली काय म्हणताहेत ते बाजूलाच राहिलं. त्यानंतरच्या, माझ्या वाचनातल्या, हुशार मुली एकदम बायका होऊनच पुस्तकात शिरतात. गौरी देशपांड्यांच्या नायिका बोलायला लागतात तेव्हा त्यांची निम्मी भांडणं होऊन गेलेली असतात. पंधराव्या वर्षी त्या काय बोलत असतील, हे मला फार वाचायचं होतं.

ते मला मिळालं ते चिठ्ठ्यांमध्ये.

सराफाच्या दुकानात दागिना गुंडाळून देतात तो गुलाबी पातळ कागद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तसल्या कागदाचे कपटे परत आलेल्या पुस्तकांत सापडायला लागले. त्यावर बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं. नाव नाही, तारीख नाही, फक्त आक्षेप. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये देवयानीच्या एका प्रकरणाशी असलेली चिठ्ठी मला आठवते: "संजीवनी विद्या घरात आहे. ती शिकायला बाहेरून कच येतो. देवयानीला वडिलांनी का शिकवली नाही? आणि मग ती रिकामटेकडी, गर्विष्ठ झाली म्हणून तिलाच बोल का?" गावात सराफ काही कमी नाहीत, पण ज्यांची मुलगी आठवड्याला तीन पुस्तकं नेते असे एकच. दहावीतली होती. मी काही बोलले नाही. पुस्तकात काही ठेवू नये, लिहू नये अशी पाटी माझ्याच डोक्यावर लटकते आहे, पण तो कपटा काढून टाकायला माझा हात होईना.

'ययाति' पुढं नेली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. आयुष्यभर संस्कृत शिकवलेलं, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. पुस्तक परत आलं तेव्हा गुलाबी कपट्याला टाचणीनं दुसरा कागद जोडलेला होता. दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर शाईच्या पेनानं: "आपला प्रश्न रास्त आहे, परंतु कादंबरीकारास विचारण्यापूर्वी आदिपर्व पाहावे. त्या काळी स्त्रियांस विद्या देण्याची रीत नव्हती."

मी ते पुस्तक परतीच्या ढिगात वरच ठेवलं. मुलीनं ते उघडून बघितलं, कान लाल झाले, पुस्तक पुन्हा घरी नेलं. चार दिवसांनी उत्तर: "रीत नव्हती तर गार्गी कुठून आली?" त्यावर गुरुजींची जोरदार चपराक: "बृहदारण्यक आणि आदिपर्व यांचा काळ एक नव्हे. काळाची सरमिसळ करू नये." मला वाटलं, संपलं. पण पोरीनं संदर्भ विभागात बसून उपनिषदांचं भाषांतर काढलं आणि लिहिलं की काळाचं बरोबर, माझं चुकलं. पण त्या गार्गीलासुद्धा याज्ञवल्क्यानं शेवटी सांगितलंच ना, की आता जास्त विचारू नकोस, डोकं गळून पडेल? गुरुजींचं उत्तर एका ओळीचं होतं. तिनं त्यानंतरही विचारले आहे, तिसऱ्या अध्यायातले आठवे ब्राह्मण पाहावे.

आठव्या ब्राह्मणात गार्गी खरोखरच पुन्हा उभी राहते आणि दोन प्रश्न विचारते. मी स्वतः ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, शिक्के मारता मारता.

हा व्यवहार वर्षभर चालला. मी टपालखात्याचं काम करायची, म्हणजे दोघांच्या आवडीचं पुस्तक तिसऱ्याच्या हाती लागू द्यायची नाही. शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'वर तर अशी जुंपली की पुस्तकाचे पुठ्ठे फुगले. 'चौघीजणी' म्हणजे लुइसा मे अल्कॉटची 'लिटल विमेन', मूळ १८६८ची. त्यातली ज्यो आमच्या गावातल्या तीन पिढ्यांच्या मुलींची मैत्रीण आहे: माळ्यावर बसून लिहिणारी, फटकळ, केस विकून पैसे आणणारी. अल्कॉटला ज्योचं लग्नच करायचं नव्हतं, पण वाचकांनी पत्रं लिहून लिहून तिचा पिच्छा पुरवला. मग तिनं ज्योला देखण्या श्रीमंत शेजाऱ्याऐवजी वयानं मोठा, गबाळा प्रोफेसर मिळवून दिला. गुरुजींना हे फार पटलेलं. त्यांनी लिहिलं की ज्योचे लेखन सर्वांनी वाखाणले, त्यातील खोट केवळ या प्रोफेसराने दाखवली, म्हणून तोच योग्य वर. मुलीनं उत्तर दिलं: "खोट दाखवली हे चांगलंच. पण त्यानंतर तिनं गोष्टी चुलीत घातल्या. खोट दाखवल्यावर माणसानं पुढची गोष्ट आणखी चांगली लिहायला पाहिजे. लिहिणंच थांबलं तर त्या खोट दाखवण्यात काहीतरी खोट होती." गुरुजींनी त्यावर बरेच दिवस काही लिहिलं नाही. मग कागद आला तो असा: "विचार करीत आहे."

गुरुजींचा समज असा होता की लिहिणारी व्यक्ती कॉलेजातली प्राध्यापिका असावी, किंवा बदलून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याची पत्नी. मला त्यांनी दोनदा आडून विचारलं. मी म्हटलं, वाचकांची नावं सांगत नाही.

कळलं ते योगायोगानं. गुरुजी टेबलाशी उभे असताना ती गणवेशात आली, दोन वेण्या, हातात 'चौघीजणी', आणि त्यातून गुलाबी कागदाचं टोक बाहेर. गुरुजी त्या टोकाकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. "हे... तू लिहितेस?" तिनं मान हलवली. गुरुजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अगं, एवढीशी पोर तू! कितवीत आहेस?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातलं पेन काढून तिथंच बक्षीस दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षांकडे जाऊन या मुलीचा सत्कार झाला पाहिजे असं सांगून आले.

पुढच्या चिठ्ठीवर गुरुजींनी लिहिलं: "शाब्बास बाळ. अशीच वाचत राहा. मोठी हो."

मुलीनं तो कागद माझ्यापुढं धरला. "काकू, आता यावर काय लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर ज्या माणसानं तिला आदिपर्व वाचायला लावलं, काळाची सरमिसळ केल्याबद्दल खडसावलं, 'विचार करीत आहे' असं लिहून दिलं, तो माणूस तिचं वय कळल्याबरोबर निघून गेला होता आणि त्याच्या जागी एक प्रेमळ आजोबा आले होते. गुरुजींना दोष देत नाही मी. आपल्याकडे हुशार मुलीशी वागायच्या दोनच रीती आहेत, तिला दटावायचं किंवा तिचं कौतुक करायचं. दटावलं तर निदान ती मनातल्या मनात उत्तर तरी देते. कौतुकाला उत्तर नसतं. कौतुक झालं की बोलणं संपलं, पेढा तोंडात.

दटावणाऱ्याही येतात, त्या बहुतेक आया असतात. "बाई, हिला जरा बेतानं पुस्तकं देत जा, उलटून बोलायला लागलीय." मी त्यांना विचारते, काय बोलली? आणि जे सांगतात ते ऐकून बऱ्याचदा वाटतं की मुद्दा मुलीचाच बरोबर आहे. एक बाई अशीच तक्रार घेऊन आल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, ती ते कसलं पुस्तक वाचत होती, ते दुसऱ्या कुणी नेलंय का? त्या आता आमच्या सभासद आहेत. पाककृतीची पुस्तकं मागत नाहीत.

गुरुजींचं राहिलं. तीन-चार महिने पुस्तकांतून फक्त शाब्बास येत होतं आणि गुलाबी कागद बंद पडले होते. मग एक दिवस 'श्यामची आई'मध्ये मला पुन्हा कपटा दिसला. गुरुजी साने गुरुजींचे निस्सीम भक्त, हे पुस्तक ते दर वर्षी नेतात, आणि हे तिला माहीत होतं. पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलेलं आहे, श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. चिठ्ठी अशी: "अक्काचं लग्न दुसऱ्याच रात्री उरकून घेतलं. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला शिमटीनं मारते, म्हणजे त्यानं धीट व्हावं असं तिला वाटतं. अक्कानं काय व्हावं असं तिला वाटत होतं?"

गुरुजी भडकले. इतके की ती एवढीशी पोर आहे, बाळ आहे, हे सगळं विसरले. दिनदर्शिकेचे दोन महिने लागले त्यांना उत्तर द्यायला, एप्रिल आणि मे, दोन्ही पानं भरून. त्यात काळ, परिस्थिती, आईचं हृदय, आणि एक फार सुंदर मुद्दा होता की ही आठवण सांगणारा श्याम आहे, त्यामुळं अक्काच्या वाट्याचं प्रेम त्याला दिसलेलं नसणार. मुलीनं ती पानं माझ्यासमोरच वाचली. वाचताना हसत होती. "हा मुद्दा चांगलाय," म्हणाली, आणि गुलाबी कागद मागायला वडिलांच्या दुकानात गेली.

आज ती तिशीची आहे. बेळगावला सासर, तेही सराफच. दुकानाचा जीएसटी ती बघते. अधूनमधून रात्री उशिरा तिचा आवाजी निरोप येतो, नवीन कुठल्यातरी पुस्तकाला शिव्या घालणारा. कादंबरीकाराच्या हाती ती लागली असती तर त्यानं तिला एक तर थोर लेखिका केली असती, नाही तर स्वयंपाकघरात घुसमटून मारली असती. जीएसटी भरणारी आणि पुस्तकांशी भांडणारी बाई कुणी लिहीत नाही.

दुसरी एक वेगळ्याच घडणीची होती. साखर कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, अकरावी सायन्सला. कादंबरीला हात लावायची नाही. "त्यात माणसं मुद्द्यावर यायला फार वेळ लावतात." ती मराठी विश्वकोश वाचायची. वाईहून निघालेला तो विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, पहिला खंड १९७६चा. संदर्भग्रंथ घरी देता येत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी येऊन ती एक खंड उघडायची आणि जिथं कालची खूण असेल तिथून पुढं. अकारविल्हे. कुठल्याही मुलीला मी इतकं सुखी बसलेलं पाहिलेलं नाही. एकदा मला येऊन म्हणाली, "काकू, 'ऊस' या नोंदीत बाबांच्या कारखान्यात जे होतं ते सगळं आहे, पण बाबा नाहीत."

अडचण वेळेची होती. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी, स्पर्धा परीक्षांची मुलं तिथं मुक्कामालाच असतात. मुली साताला निघून जायच्या, कारण वाचनालयाच्या बोळातला दिवा बंद आणि आत मुलींना बसायला स्वतंत्र टेबल नाही. या मुलीनं उपस्थितीची वही मागून घेतली, तीन महिन्यांच्या सह्या मोजल्या, किती मुली किती वाजता गेल्या याचा तक्ता केला आणि कार्यकारी मंडळाला अर्ज दिला. मागण्या साध्या: बोळात दिवा, एक टेबल, आणि आठपर्यंत एक महिला कर्मचारी. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं की दहा वाजेपर्यंतच्या विजेचं बिल मुलींच्या वर्गणीतूनही भरलं जातं.

सभेत मी टिपणं घ्यायला होते. अर्ज हातोहात फिरला. पहिले गृहस्थ म्हणाले, "अक्षर काय सुरेख आहे हो!" दुसऱ्यांनी तक्ता बघून, "पट्टीनं आखलाय बघा, आजकाल कोण करतं एवढं?" तिसऱ्यांनी विचारलं, कुणाची मुलगी, आणि कळल्यावर, "अरे वा, कामगाराची? कौतुक केलं पाहिजे." अर्जात काय मागितलंय यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. ठराव एकमतानं झाला तो असा की आठ मार्चला सदर विद्यार्थिनीचा गुलाबपुष्प देऊन गौरव करावा. तो मीच इतिवृत्तात लिहिला. बोळातला दिवा पुढं नगरपालिकेनं लावला, निवडणूक आली म्हणून. टेबल मी अडगळीतलं काढून दिलं, त्याला ठराव लागत नाही.

आठ मार्चला ती आली, गुलाब घेतला, आणि माइकवरून विचारलं, "अर्जाचं काय झालं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. धीट आहे म्हणून.

मला वाटतं, हे आपण फार जुन्या काळापासून करत आलो आहोत. मुक्ताई चार भावंडांत धाकटी. परंपरा सांगते त्याप्रमाणं अठराव्या वर्षी ती गेली, म्हणजे तिचं सगळं बोलणं ह्याच, माझ्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या मुलींच्या वयातलं. रुसून झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ती बाहेरून समजावते, ते ताटीचे अभंग. ज्ञानेश्वरांना समजावायचं म्हणजे त्यांच्याशी त्यांच्याच तत्त्वज्ञानात वाद घालायचा, आणि ती घालते. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाचं कोरं पत्र बघून, एवढं जगूनही हा कोराच राहिला, असं म्हणणारी ती, आणि त्याची गुरू झाली तीही तीच. आपण तिला आई म्हटलं, पायावर डोकं ठेवलं. तिचा युक्तिवाद तपासून बघावा, एखादा खोडून काढावा, असं कितींना वाटलं? अ‍ॅन फ्रँकचंही थोडं तसंच होतं. मुली ती डायरी डोळे पुसत परत आणतात. पण १९४४च्या मार्चमध्ये लंडनच्या रेडिओवरून एका डच मंत्र्यानं लोकांच्या रोजनिशा जपून ठेवायचं आवाहन केलं, ते ऐकून चौदा वर्षांची ही मुलगी आपली डायरी छापण्याजोगी करायला बसली. जुनी पानं खोडली, गाळली, नव्यानं लिहिली. लपलेल्या जागेत बसून संपादन करत होती ती. हे मी सांगितलं की डोळे पुसणाऱ्या मुली एकदम ताठ होतात आणि विचारतात, "काय गाळलं तिनं?"

मुक्ता साळवेबद्दल सांगितलं जातं की बक्षीस घ्यायला बोलावल्यावर ती म्हणाली, खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या. वाचनालयांच्या कार्यक्रमांतून ही गोष्ट इतकी सांगितली जाते की माझ्या तोंडपाठ आहे. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्याकडे ती हमखास होते, आणि ती सांगून झाली की मुलींना खाऊ वाटतात. यात काही विसंगती आहे असं कुणाला वाटत नाही.

मुक्तेनं मात्र खाऊपेक्षा पुष्कळ मोठं काही मागितलं होतं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली मुलगी, चौदा वर्षांची. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती थेट तर्कानं चालते. वेद ही जर ब्राह्मणांचीच मालमत्ता आहे आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर आमचा धर्मग्रंथ कुठला? ग्रंथ नाही म्हणजे आम्ही धर्माविना आहोत का? आणि मग देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. पेशवाईत इमारतीच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरत असत, हे ती लिहिते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हेही लिहिते. आणि आपल्याच लोकांनाही सोडत नाही, ज्ञानाचं औषध घ्या म्हणून सांगते. कौतुक करावं असं त्यात फारसं काही नाही. उत्तर द्यावं असंच आहे सगळं.

गेल्या खेपेला एका नववीतल्या मुलीनं मला विचारलं की कार्यक्रमात दर वर्षी ती खाऊची गोष्टच का सांगता, निबंध का वाचत नाही? एवढा मोठा तर नाही तो. मी तिला प्रत काढून दिली. पत्रिकेवर वेळेअभावी 'निवडक उतारा' असं छापलं होतं. ती उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून वाचत सुटली. प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

वाचून झाल्यावर टाळ्या पडायच्या आत मागच्या रांगेतून एक पेन्शनर उठले. पेशवाईबद्दल हे जे लिहिलंय त्याला आधार काय, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. सूत्रसंचालक त्यांना बसवायला धावला. मुलगी म्हणाली, "थांबा, त्यांना बोलू द्या," आणि मग, "आधार म्हणजे, तिच्या आजीनं सांगितलेलं धरायचं की नाही, तेवढं आधी सांगा." त्यांनी सांगितलं, धरायचं नाही. ती म्हणाली, "मग बखर कुणाच्या आजोबांनी सांगितली होती?" तिथून पुढं कार्यक्रम कुणाच्याच हातात राहिला नाही. बखरी निघाल्या, लोकहितवादी निघाले, पाहुण्यांचं भाषण राहिलं, गुरुजी काठी टेकत उठले आणि त्यांनी दोघांच्याही चुका दाखवल्या. पेन्शनर दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या आधी दारात हजर, 'ज्ञानोदय'बद्दल काही पुस्तक आहे का विचारत. आणि शाळा सुटल्यावर ती मुलगी आली, आजोबांनी काय नेलं ते विचारायला.

चहा मात्र दोनदा सांगावा लागला होता. ते बिल मी किरकोळ खर्चात टाकलं आहे, हिशेबतपासनिसांनी अजून काही विचारलेलं नाही.